माथेरानची सहल, हॉलिडे क्लबचे सदस्यत्व आणि न विचारलेला प्रश्न

आपल्या पत्राचा आशय थोडक्यात असा आहे. वर्षातून दोनदा आपण पत्नी, ९ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा यांच्यासह सकाळी माथेरानला जाऊन रात्री घरी परतता. गेल्या खेपेस वाटेत ‘मोफत भेटवस्तू’चे आमिष दाखवून आपल्याला एका हॉलिडे क्लबच्या सादरीकरणाला बसवण्यात आले आणि साडेतीन लाखांच्या, २५ वर्षांच्या सदस्यत्वासाठी आपण १५ हजार रुपये टोकन भरून आलात. उरलेली रक्कम १४ टक्के व्याजाच्या हप्त्यांनी भरावी की मुदत ठेव मोडून, असे आपण विचारले आहे.

दोन्ही करू नये. हप्ता दरमहा आठ हजारांच्या आसपास बसेल आणि आपल्याच आकड्यांप्रमाणे माथेरानच्या दोन्ही सहलींचा वर्षाचा खर्च तेवढाच आहे. ठेव मोडली, तर ७ टक्क्यांनी वर्षाला साधारण २४ हजारांचे व्याज बुडेल, त्यात १८ हजारांचे वार्षिक देखभाल शुल्क मिळवले की सदस्यत्वात वर्षाला मिळणाऱ्या सात रात्रींसाठी ४२ हजार, म्हणजे रात्रीला सहा हजार रुपये पडतात. प्रवास आणि जेवण वेगळे. दिवाळीत आणि मे महिन्यात हवी तेव्हा खोली मिळेल या भरवशावर राहू नका, कारण शाळेला सुट्टी असलेल्या प्रत्येक सदस्याला नेमके तेच दिवस हवे असतात. शिवाय मुले लहान असल्याने मुक्काम करत नाही, असे आपणच लिहिले आहे. करारातील रद्द करण्याची मुदत पाहून टोकन परत करण्याची मागणी आजच लेखी पाठवा. टाळाटाळ झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

माझी खरी काळजी पत्रातील एका ओझरत्या वाक्याविषयी आहे. आपण लिहिता, ‘विम्याची आणि मुलांच्या शिक्षणाची सोय झालेली आहे, वर्षाला ६० हजार हप्त्याची पॉलिसी २० वर्षांनी जवळपास दुप्पट होऊन मिळणार आहे.’ अशी कोणतीही सोय झालेली नाही. घरात आपण एकटे कमावते आहात, वय ३८ आहे, गृहकर्ज ३२ लाख बाकी आहे आणि विमा संरक्षण केवळ १२ लाखांचे आहे. उद्या आपले बरेवाईट झाले, तर ती सर्व रक्कम कर्जाकडे वळवूनही २० लाख सहकर्जदार असलेल्या पत्नीच्या डोक्यावर राहतील आणि घरखर्चासाठी एक रुपयाही उरणार नाही. ‘दुप्पट’ या शब्दाचीही तपासणी करा: २० वर्षांत भरलेले १२ लाख मुदतीअखेर २१ लाख झाले, तरी परतावा जेमतेम ५ टक्के पडतो. तीन हप्ते भरून झाले आहेत, म्हणजे पैसे हाती येतील तेव्हा मुलगी २६ वर्षांची असेल आणि तिचे महाविद्यालय केव्हाच संपलेले असेल. तिच्या शिक्षणासाठी म्हणून ही पॉलिसी ज्याने विकली, त्याने तिचे वयसुद्धा विचारात घेतले नाही, याचा मला संताप येतो.

दरमहा ४० हजारांचा घरखर्च आणि कर्ज धरता आपल्याला साधारण दीड कोटींचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, हवा. प्रकृती उत्तम आणि तंबाखूचे व्यसन नसेल, तर वार्षिक हप्ता २५ ते ३० हजारांच्या घरात यावा, म्हणजे सध्याच्या हप्त्याच्या निम्माच. अर्जात कोणताही आजार लपवू नका, नाहीतर दाव्याच्या वेळी पत्नीला झगडावे लागेल. कंपनीकडून मिळणारा समूह विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून तो या हिशेबात धरलेला नाही. नवी पॉलिसी प्रत्यक्ष हाती आल्यानंतरच जुनी पेड-अप करावी (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवावी) की सरेंडर (बंद करून मिळेल ती रक्कम घ्यावी), हे विमा कंपनीकडून दोन्ही रकमा लेखी मागवून ठरवा. भरलेल्या १ लाख ८० हजारांपैकी काही भाग बुडेल, पण त्या भीतीने आणखी १७ हप्ते भरत राहणे अधिक महाग पडेल.

वाचलेल्या ३० हजारांतून मुलीचे सुकन्या समृद्धी खाते उघडा. सध्या त्यावर ८.२ टक्के व्याज आहे आणि ती १८ वर्षांची झाल्यावर उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मात्र हे खाते दहाव्या वाढदिवसापूर्वीच उघडावे लागते, म्हणून या कामाला पुढच्या सहलीपर्यंतही थांबू नका.