मुंबईच्या कांचनजंगा इमारतीचे कोपरे कापल्यासारखे का दिसतात, आणि कोल्हापुरात तशी रचना चालेल का?

त्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या आहेत आणि त्या केवळ शोभेच्या नाहीत. मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून मिळतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही त्याच बाजूने येते. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा ठेवून हा पेच सोडवला होता आणि वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी तोच व्हरांडा १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या उंच इमारतीच्या कोपऱ्यांत नेला. सुमारे २१ मीटर बाजूचा चौरस, ८४ मीटर उंची आणि घरे अवघी ३२. मधला काँक्रीटचा गाभा भक्कम असल्याने गच्ची कोपऱ्यात खांब न देता सुमारे ६ मीटर अधांतरी बाहेर काढता आली. माझ्या मते खरी करामत हीच.

कोल्हापुरातही पावसाळी वारा पश्चिमेचाच, आणि आपल्या वाड्यांतला सोपा (म्हणजे ओसरी) नेमके हेच काम करतो: झड बाहेर अडते, आतली खोली कोरडी राहते. त्यामुळे रचना येथे निश्चित चालेल. मात्र ताबा मिळताच बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती हॉलमध्ये घेण्याची आपल्याकडची रीत सोडावी लागेल.