हर्णैच्या उन्हात पहिला रोल

फिल्म कॅमेऱ्याच्या पहिल्या रोलला उजेड मोजणारा मीटर बाजूलाच ठेव. १०० आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाची संवेदनशीलता), कडक ऊन, सूर्य पाठीशी: शटर १/१२५ सेकंद, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ १६. किनाऱ्यावर वाळू आणि पाणी दोन्ही चमकतं, तिथे छिद्र आणखी लहान, एफ २२. मीटर वापरायचाच तर चमकत्या वाळूवर रोखू नकोस, बोटीवरचे चेहरे काळे येतील. त्याच उन्हात धरलेल्या तळव्याचं रीडिंग घे आणि उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढव. निगेटिव्ह फिल्मला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. स्लाइड फिल्मचं (प्रोजेक्टरवर दाखवायची) नेमकं उलट. ती सध्या राहू दे, महागही पडते.

खरी तारांबळ फोकसची. हर्णैला, दापोलीजवळच्या या बंदरात, मासळी घेऊन बैलगाडी पाण्यातून वर येते, तेव्हा रिंग फिरवत बसलास तर बैल फ्रेमच्या बाहेर! ५० एमएम लेन्स एफ ११ वर ठेव, शटर १/५००, फोकसचं अंतर आधीच ३ मीटर. साधारण सव्वादोन ते पावणेपाच मीटरमधलं चालण्याइतकं शार्प येतं. बैल त्या टप्प्यात आला की दाब. निवांत फोटोला स्प्लिट इमेज (व्ह्यूफाइंडरच्या मधोमध दोन भागांत तुटलेलं चित्र) डोलकाठीवर जुळव. आडव्या क्षितिजावर ती काहीच सांगत नाही.

रोल बदलताना सावलीत, वाऱ्याकडे पाठ करून बस. कणभर वाळू आत गेली तरी ओरखडा रोलभर येतो.