सॅटचं इंग्रजी: शिकवणी कुठे कामाची, कुठे फुकट

अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेतल्या इंग्रजी विभागाबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकासाठी घेतले आहेत. जुनी मंडळी या विभागाला अजून ‘व्हर्बल’च म्हणतात. आता त्याचं नाव ‘रीडिंग अँड रायटिंग’ असून गुण 200 ते 800 मध्ये मिळतात.

मुलगी अकरावीत आहे. सराव चाचणीत इंग्रजीला 580 आले. एका क्लासने 40 तासांची शिकवणी आणि 3,000 शब्दांची यादी सुचवली आहे. पैसे भरावेत का? (एक पालक, पुणे)

यादी तर नकोच. तासांचं नंतर ठरवा.

शब्दांच्या याद्या जुन्या परीक्षेची देणगी आहे. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 1994 मध्ये गेले, शब्दजोड्यांमधलं नातं ओळखायच्या अ‍ॅनालॉजी 2005 मध्ये गेल्या आणि अवघड शब्दांच्या जोरावर सुटणाऱ्या सुट्या गाळलेल्या जागा 2016 मध्ये. भारतात 2023 पासून आणि अमेरिकेत 2024 पासून परीक्षा संगणकावर होते. इंग्रजीचे दोन भाग असतात, प्रत्येकी 27 प्रश्न आणि 32 मिनिटं. उतारा 25 ते 150 शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. शब्दार्थाचे प्रश्न आजही आहेत, पण कोणता शब्द हवा याची खूण उताऱ्यातच असते.

नमुन्यादाखल आम्ही रचलेला एक प्रश्न पाहा, मजकूर मराठीत देतो: ‘ही गुहाचित्रं एकाच पिढीने काढली असं काहींचं मत होतं. रंगांच्या तपासणीत मात्र त्यांच्यात शेकडो वर्षांचं अंतर निघालं, त्यामुळे ते मत आता ____ वाटतं.’ पर्याय: टेन्युअस, प्रोफाउंड, अनॉनिमस, नॉव्हेल. मुलं थेट पर्यायांवर उडी मारतात आणि ‘प्रोफाउंड’ भारदस्त दिसतो म्हणून तोच निवडतात. त्याऐवजी पर्याय हाताने झाकायचे आणि रिकाम्या जागी आपला शब्द घालायचा. तो मराठी असला तरी चालेल. इथे कुणीही ‘डळमळीत’ म्हणेल. मग डळमळीतच्या सगळ्यांत जवळचा कोण ते पाहायचं: टेन्युअस. हा शब्द माहीत नसला तरी बाकीचे तीन (सखोल, निनावी, नवं) कटतातच. अशा प्रश्नांत जे शब्द चुकतात तेवढेच वहीत उतरवावेत, वाक्यासकट. आठवड्याला पंधरा-वीस होतात आणि ते लक्षात राहतात.

आता तासांबद्दल. 580 हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. चाचणीतल्या चुकीच्या उत्तरांचे चार ढीग करा. शब्दार्थ, उताऱ्याची रचना आणि दोन उताऱ्यांची तुलना हा पहिला ढीग (परीक्षेत 13 ते 15 प्रश्न). मध्यवर्ती मुद्दा, पुरावा, तक्ता आणि अनुमान हा दुसरा (12 ते 14). विरामचिन्हं आणि व्याकरण हा तिसरा (11 ते 15). जोडशब्द (‘हाउएव्हर’सारखे वाक्यं जोडणारे शब्द) आणि टिपणांवरून वाक्य निवडणं हा चौथा (8 ते 12). बहुतेक चुका तिसऱ्या ढिगात असतील तर दहा-बारा तासांची नेमकी शिकवणी पुरते, कारण नियम मोजके आहेत. दुसऱ्या ढिगात असतील तर 40 तासही कमी पडतील, कारण तिथे वाचायची सवयच बदलावी लागते.

क्लासला एकच विचारा: पहिल्या तासाला काय शिकवणार? ‘मुलीची चाचणी उघडून एकेक चूक तिच्याकडून बोलून घेऊ’ असं उत्तर आलं तर पुढे बोला. ‘धडा पहिला, नाम’ असं आलं तर नमस्कार करा.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. व्याकरणाचे नियम पाठ आहेत, तरी विरामचिन्हांचे निम्मे प्रश्न चुकतात. (एक विद्यार्थी, नाशिक)

नियम पाठ असूनही चूक होते, कारण कान मराठी आहे. आपण दोन पूर्ण वाक्यांमध्ये सर्रास स्वल्पविराम देतो: ‘पाऊस आला, शाळा सुटली.’ मराठीत हे खपतं. सॅटला ‘द रिव्हर रोझ, द ब्रिज क्लोज्ड’ चालत नाही. तिथे चार वाटा आहेत: पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविरामासोबत ‘अँड’ किंवा ‘बट’, नाहीतर एका वाक्याला ‘बिकॉज’सारखं काही लावून गौण करणं. म्हणून आधी चिन्हांकडे पाहूच नका. चिन्हाच्या डावीकडचा भाग एकटा उभा राहतो का आणि उजवीकडचा राहतो का, एवढंच तपासा. दोन्ही उभे राहत असतील तर नुसता स्वल्पविराम बाद. एकच उभा राहत असेल तर अर्धविराम बाद. अपूर्णविरामाच्या (:) डावीकडे मात्र पूर्ण वाक्य हवंच, उजवीकडे काहीही चालतं. आणखी एक सोय: दोन पर्यायांत फरक फक्त पूर्णविराम की अर्धविराम एवढाच असेल, तर दोन्ही सारखेच बरोबर ठरतील. उत्तर एकच असू शकतं, म्हणून दोन्ही चूक.

मराठी कान आणखी दोन ठिकाणी फसवतो आणि एका ठिकाणी मदत करतो.

‘बागेतून चालताना पुतळा दिसला’ हे आपल्याकडे निर्दोष वाक्य आहे, चालणारा कोण ते ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत ‘वॉकिंग थ्रू द पार्क’ म्हटलं की स्वल्पविरामानंतरचा पहिला कर्ताच चालणारा ठरतो. तिथे ‘द स्टॅच्यू’ आला तर पुतळाच बागेतून चालायला लागतो. असा प्रश्न दिसला की चारही पर्यायांचा फक्त पहिला शब्दगट वाचायचा.

दुसरी जागा कर्ता-क्रियापदाची. ‘गावातल्या जुन्या विहिरींची यादी तयार आहे’ या वाक्यात ‘यादी’ क्रियापदाला खेटून बसते, म्हणून गफलत होत नाही. इंग्रजीत ‘द लिस्ट’ पुढे राहते, मध्ये ‘ऑफ ओल्ड वेल्स इन द व्हिलेजेस’ घुसतं आणि कान ‘व्हिलेजेस’ ऐकून ‘आर’ म्हणतो. कर्ता आणि क्रियापद यांच्या मधला मजकूर मनातल्या मनात कंसात टाकून वाचायची सवय लावा, महिनाभरात ही चूक जाते.

तिसरी ‘हाउएव्हर’ची, आणि इथे मराठी उलट मदतीला येते. मजकूर असा धरा: समीक्षकांनी कादंबरी उचलून धरली, फार थोड्यांनी ती विकत घेतली, प्रकाशकाने दुसरी आवृत्ती काढली नाही. ‘हाउएव्हर’ दुसऱ्या वाक्याच्या शेवटी जोडायचं की तिसऱ्याच्या सुरुवातीला? व्याकरणाने दोन्ही जमतं, अर्थाने एकच. मनात ‘मात्र’ घालून बघा. ‘फार थोड्यांनी मात्र विकत घेतली’ हे बसतं. ‘प्रकाशकाने मात्र दुसरी आवृत्ती काढली नाही’ खटकतं, कारण खप नव्हता म्हटल्यावर आवृत्ती न निघणं ओघानेच आलं. म्हणजे ‘हाउएव्हर’ दुसऱ्या वाक्याचं, त्याच्या आधी स्वल्पविराम आणि नंतर अर्धविराम. ‘मात्र’ आपल्या वाक्याच्या आत शिरतो, म्हणून तो कुणाच्या बाजूचा आहे हे लगेच कळतं.

मुलगा इथेच जन्मला, इंग्रजी अस्खलित आहे, शाळेत ए ग्रेड. तरी 640 वर अडकलाय. ट्यूटरने तरी काय शिकवायचं? (एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

आधी एक खर्चाचा मुद्दा. तो फक्त युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसमध्ये अर्ज करणार असेल, तर प्रवेशाच्या निर्णयात ते सॅटचे गुण बघतच नाहीत. एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्ड, येल, डार्टमथ, ब्राउन यांनी 2024 मध्ये प्रवेश परीक्षेची अट परत आणायचं जाहीर केलं. यादीत अशी कॉलेजं असतील तरच पुढचं वाचा.

अस्खलित मुलं बहुधा एकाच खड्ड्यात पडतात: खरं वाटणारं उत्तर निवडतात, उताऱ्यात असलेलं नाही. समजा उतारा असा आहे: रहदारीच्या रस्त्याकडेला पक्ष्यांची घरटी कमी आढळली; संशोधकांनी वर्षानुवर्षं बंद असलेल्या रस्त्याकडेलाही मोजणी केली, तिथेही ती तितकीच कमी निघाली; यावरून सूचित होतं की... एक पर्याय म्हणतो, वाहनांचा आवाज पक्ष्यांना त्रासदायक असतो. जगात हे खरं आहे, शाळेत शिकवलेलंही आहे, आणि मुलगा हेच निवडतो. पण बंद रस्त्यावर आवाजच नाही. बरोबर उत्तर अगदी मिळमिळीत असतं: घरटी कमी असण्यामागे केवळ रहदारीचा आवाज हे कारण नसावं. सॅटची बरोबर उत्तरं अशीच जपून बोलणारी असतात. ‘ऑलवेज’, ‘प्रूव्ह्ज’, ‘ओन्ली’ असे ठाम शब्द असलेल्या पर्यायाला उताऱ्यात तितकाच ठाम आधार लागतो.

म्हणून ट्यूटरने व्याख्यान देऊ नये. मुलाने प्रत्येक उत्तराला उताऱ्यातल्या चार-पाच शब्दांवर बोट ठेवायचं, आणि उरलेल्या तीन पर्यायांतला नेमका कोणता शब्द चूक आहे तो सांगायचा. बरोबर आलेल्या उत्तरांनाही हेच. तासाभरात असे दहा-बाराच प्रश्न होतात आणि पालकांना वाटतं, एवढे पैसे देऊन इतकंच? शिकवणी तीच आहे. तासाला चाळीस प्रश्न उडवणारा ट्यूटर फक्त वेळ मोजतो, ते काम घड्याळही करतं.

व्याकरणातही या मुलांचा ‘बरोबर वाटतं’ हा भरवसा दगा देतो. ‘इट इज’चं आखूड ‘इट्स’ आणि ‘त्याचं’ या अर्थाचं ‘इट्स’ यांच्यातला अपॉस्ट्रॉफीचा फरक कानाला ऐकूच येत नाही.

शेवटचे चार-पाच प्रश्न दर वेळी राहतात. वेग कसा वाढवू? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

27 प्रश्न, 1,920 सेकंद, म्हणजे प्रश्नाला सुमारे 71 सेकंद. विरामचिन्हांचा प्रश्न चाळिसात सुटतो, दोन उताऱ्यांचा शंभरही खातो. गंमत अशी की सोपी कमाई शेवटी ठेवलेली असते. क्रम ठरलेला आहे: शब्दार्थ आणि रचना, मग आकलन, मग व्याकरण, मग जोडशब्द आणि टिपणं. तेव्हा शब्दार्थ संपवून सरळ व्याकरणावर उडी मारा, तिथून शेवटपर्यंत जा आणि मग मधल्या आकलनाकडे परता. एका भागाच्या आत मागेपुढे जाता येतं, भाग संपल्यावर नाही. टिपणांच्या प्रश्नात आधी प्रश्नातलं उद्दिष्ट वाचा (फरक दाखवा, ओळख करून द्या वगैरे). चारही पर्यायांतली माहिती बहुधा खरीच असते, उद्दिष्ट साधणारा एकच.

मात्र पहिल्या भागात घाईने चुका करू नका. त्यातल्या कामगिरीवर दुसरा भाग सोपा की अवघड ते ठरतं, आणि सोपा वाट्याला आला की वरचे गुण हाताबाहेर जातात. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटच्या मिनिटाला एकही जागा रिकामी ठेवायची नाही.

शिकवणी किती आठवडे, आणि सराव कशावर? (एक पालक, कोल्हापूर)

आठ ते दहा आठवडे, आठवड्यात दोनदा तासभर, आणि प्रत्येक तासामागे घरी दोन तास. खान अकॅडमीचा सराव मोफत आहे. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपमध्ये पूर्ण चाचण्या आहेत, पण थोड्याच, तेव्हा त्या चिवड्यासारख्या संपवू नका. दोन आठवड्यांतून एक, सकाळी, खऱ्या परीक्षेच्या वेळेला, गणितासकट सलग 2 तास 14 मिनिटं आणि मधली 10 मिनिटांची सुट्टी धरून. पुढची चाचणी आधीच्या चाचणीतली प्रत्येक चूक वहीत आल्याशिवाय उघडायची नाही. वहीत चार रकाने पुरेत: कोणता ढीग, मी काय निवडलं, ते का बरोबर वाटलं, उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांनी ते खोडलं. तिसऱ्या रकान्यात ‘घाईत चुकलं’ असं सतत येऊ लागलं तर ट्यूटरला सांगा, तो रकाना मुलगा मनापासून भरत नाहीये.