रेकॉर्ड विकण्याआधी फाइल तपासा : मामांच्या ५०० रेकॉर्डच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामांच्या साधारण ५०० रेकॉर्ड, मोठ्या एलपी आणि छोट्या ईपी, ठाण्याच्या घरात आहेत, नवे घर लहान आहे, एका दुकानाने त्या सगळ्या पंधरा दिवसांत डिजिटल करून देण्याची आणि नंतर त्याच रेकॉर्ड विकत घेण्याची तयारी दाखवली आहे; आणि वर्षभर कंट्रोलरवर (संगणकातल्या फाइल वाजवायच्या डीजे यंत्रावर) शिकत असल्यामुळे डीजे म्हणून पुढे जायचे तर व्हिनाइल, म्हणजे रेकॉर्ड, ठेवावे की डिजिटलच बरे, असे तुम्ही विचारले आहे. २००९ साली मी याच जागी उभा होतो. तेव्हा घेतलेल्या निर्णयाची भरपाई आजतागायत झालेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मिक्सर, क्यू, बीटमॅचिंग या गोष्टी तुम्हाला येतच असतील, त्यात वेळ घालवत नाही.

आधी माझे मत सांगून टाकतो. कार्यक्रमात मी डिजिटलच वाजवतो आणि त्याची मला खंत नाही. कव्हरसकट ८० एलपी म्हटल्या की वीस किलोच्या आसपास वजन होते, आणि ते तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आपल्यालाच चढवावे लागते. आपल्याकडची स्टेज बहुधा लाकडी फळ्यांची असतात; खाली सबवूफर सुरू झाले की फळ्या थरथरतात, ती थरथर सुई उचलते, अँप्लिफायरमधून पुन्हा स्पीकरला जाते आणि पाहता पाहता खर्जात घूं असा आवाज वाढत जातो. टेक्निक्स एसएल-१२०० हा टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारे यंत्र) कितीही दणकट असला तरी या फेऱ्यातून सुटत नाही. त्याच्याखाली जड फरशी आणि तिच्याखाली रबर किंवा स्पंज घालावा लागतो, आणि मंडपवाल्याकडून ते करून घेणे किती अवघड आहे हे मी अनेकदा अनुभवले आहे. तेव्हा वाजवायचे कशावर हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. जी फाइल तुम्ही वाजवणार आहात ती कुठून आली आणि तिच्यात नेमके काय उरले आहे, हा खरा प्रश्न आहे.

माझ्याकडे तेव्हा ३८० रेकॉर्ड होत्या. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जाऊन, मुंबईत चोर बाजारात आणि फोर्टच्या फुटपाथवर बसून एकेक निवडलेल्या. त्यांत सत्तरच्या दशकातले कॅबरे, पार्श्वसंगीताचे तुकडे, ऐंशीच्या सुरुवातीचे डिस्को असे बरेच काही होते. घर बदलायचे होते, आणि रेकॉर्डचे डिजिटल करून देणाऱ्या एकांनी पंचवीस दिवसांत सगळे काम करून देतो म्हणून सांगितले. मी त्यांना स्पष्ट बजावले होते की आवाज कापून लहान केलेली एमपीथ्री नको, पूर्ण आवाजाची वेव्ह फाइलच हवी. ठरल्या दिवशी हार्ड डिस्क हाती आली. मी घरी आणून उघडली, फाइलचे आकार पाहिले. मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या वेव्हचा जो असावा तोच आकार. दहाबारा गाणी टेबलावरच्या लहान स्पीकरवर ऐकली, समाधान झाले, आणि आठवडाभरात सगळ्या रेकॉर्ड एका व्यापाऱ्याला सरसकट दराने देऊन टाकल्या.

तीन महिन्यांनी एका लॉनवरच्या समारंभात मोठ्या साउंडवर त्यांतले एक गाणे प्रथमच लावले. सुरुवातीला बोंगो आणि मराकस आहेत. मराकसचा दाणेदार, कोरडा खुळखुळ ऐकू यायला हवा होता. त्याऐवजी नळाखाली भांडे धुतल्यासारखा पाणचट, सरपटता आवाज येत होता. मला वाटले ट्वीटर गेला. दुसरे गाणे लावले, झांजेचे तेच. वेग जुळवायला पिच चार टक्क्यांनी वाढवला आणि की लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावला तेव्हा व्हायोलिनही फाटू लागले. लोक नाचत होते, कोणाच्या काही लक्षात आले नाही. माझे मात्र हात गार पडले होते.

घरी येऊन ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या फाइलचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे किती उंचीपर्यंतचे स्वर उरले आहेत हे दाखवणारे चित्र, काढला. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापावे तसे सगळे सपाट, काळे. अर्थ सरळ होता: रेकॉर्ड आधी १२८ केबीपीएसच्या, म्हणजे हलक्या दर्जाच्या, एमपीथ्रीत घेतल्या होत्या आणि देताना त्यांचेच वेव्हमध्ये रूपांतर केले होते. आकार दहापट झाला, पण एकदा टाकून दिलेला आवाज रूपांतराने परत येत नाही. त्यांच्याकडे गेलो तर पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी ‘जुन्या गाण्यांचा आवाज असाच असतो’, आणि चौथ्या खेपेला मूळ फाइल पुसून टाकल्याचे उत्तर मिळाले. पावतीवर फक्त ‘३८० नग, वेव्ह’ एवढेच लिहिलेले होते, आणि वेव्ह तर त्यांनी दिलीच होती. व्यापाऱ्याकडे धावलो, त्याने माल केव्हाच पुढे विकला होता. त्यातल्या ४० एक रेकॉर्ड गेल्या इतक्या वर्षांत मी पुन्हा मिळवल्या आहेत, त्याही कितीतरी पट भावाने. हे लिहिताना अजूनही त्रास होतो, त्याबद्दल क्षमा असावी.

‘जुन्या ध्वनिमुद्रणात इतके उंच स्वर मुळातच नसतात’ असे तुमचे दुकानदारही म्हणतील. ते अंशतः खरे आहे. पण रेकॉर्डवर सुई फिरते तेव्हा गाण्याबरोबर पृष्ठभागाची खरखर आणि धुळीची टकटकही उमटते, आणि ती थेट २० किलोहर्ट्झच्या वर जाते. स्पेक्ट्रोग्रामवर प्रत्येक टकटक म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत जाणारी एक उभी रेघ दिसते. या साऱ्या रेघा एकाच उंचीवर एकदम तुटलेल्या दिसल्या, तर ती फाइल हलक्या दर्जाच्या एमपीथ्रीतून आलेली आहे असे जवळजवळ नक्की समजावे. कोणी कडक गाळणी लावून खरखर काढली असेल तर हा पुरावा पुसट होतो, म्हणून आवाज स्वच्छ करून देतो असे कोणी म्हटले तर आधी नाही म्हणा. ती गाळणी खरखरीबरोबर झांजेची शेपटीही खाते.

माझा सल्ला असा की हे काम स्वतः करावे. ५०० च्या ५०० करायची गरज नाही. आधी यादी करून, जी गाणी चांगल्या दर्जात विकत मिळतात ती बाजूला काढा. मात्र नाव सारखे म्हणून गाणे तेच असे समजू नका. नव्वदच्या दशकात जुन्या गाण्यांवर वरून झंकार बीट्स (जादा तालाचे ठोके) चढवून कॅसेट निघाल्या, आणि आज ऑनलाइन मिळणाऱ्या कितीतरी प्रती त्याच आहेत; काही ठिकाणी चित्रपटातले लांब रूप मिळते आणि रेकॉर्डवरचे आटोपशीर रूप मिळत नाही, तर काही ठिकाणी याच्या उलट. माझ्या अंदाजाने, आणि हा केवळ अंदाज आहे, हाती घेण्याजोग्या दीडदोनशेच उरतील. त्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये घ्या. मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात, म्हणजे चाळीस मिनिटांच्या एलपीला १.४ जीबी; आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. सुई नवी घ्या, आणि तिच्या उत्पादकाने सांगितले आहे तेवढेच वजन टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर) द्या. टर्नटेबलचा वेग तपासा. पट्ट्यावर चालणारे जुने यंत्र दोन टक्के जलद फिरत असेल तर सगळा संग्रह कायमचा चढ्या पट्टीत जाईल. टेक्निक्सवर पिच शून्यावर असताना कडेच्या मोठ्या ठिपक्यांची ओळ स्थिर दिसली पाहिजे. मामांकडे ७८ च्या रेकॉर्ड निघाल्या तर त्यांना रुंद टोकाची वेगळी सुई लागते आणि त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

मूळ फाइल तशीच जपून वाजवण्यासाठी तिची वेगळी प्रत काढा. भाड्याने मिळणारे जुने सीडीजे (डीजेंचे प्लेअर), अगदी सीडीजे-२००० सुद्धा, फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) वाचत नाहीत, त्यामुळे मी एआयएफएफ (वेव्हसारखीच न दाबलेली फाइल) वापरतो; तिच्यात गाण्याचे नाव आणि माहितीही नीट टिकते. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्येच फॉरमॅट करा.

आता हाताने वाजवण्याबद्दल. व्हिनाइलवरच शिका असा माझा आग्रह नाही, पण जुनी हिंदी गाणी वाजवायची असतील तर वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणावर विसंबू नका, हे मात्र आग्रहाने सांगतो. ती गाणी मेट्रोनोमशिवाय, पन्नास-साठ वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. मुखड्याचा वेग आणि शेवटच्या अंतऱ्याचा वेग यांत मिनिटाला दोनतीन बीटचा फरक सहज पडतो. सॉफ्टवेअर सरळ बीटग्रिड (समान अंतरावरच्या ठोक्यांची जाळी) आखते आणि गाणे तिच्यावरून घसरते. पिच फेडरवर (वेगाच्या सरकपट्टीवर) बोट ठेवून गाण्याबरोबर वेग कमीजास्त करत राहणे हे टर्नटेबलवर जितके लवकर अंगवळणी पडते तितके कंट्रोलरच्या लहान चकतीवर पडत नाही, असा माझा अनुभव आहे. जमले तर टाइमकोडच्या रेकॉर्ड घ्या. त्यांच्यावर गाणे नसते, एक खुणेचा सूर कोरलेला असतो; त्यावरून संगणक सुईची जागा आणि वेग ओळखतो आणि वाजते ती तुमची फाइल. स्टेजच्या थरथरीचा त्रास तिथेही होतो, हे लक्षात असू द्या.

मी हिंदी चित्रपटगीते आणि डिस्को वाजवतो. स्क्रॅचिंग करणाऱ्यांचे किंवा टेक्नो वाजवणाऱ्यांचे म्हणणे वेगळे असू शकेल आणि त्यांनी इथे जरूर लिहावे. तुमचे दुकानदार प्रामाणिकही असतील, मी त्यांना ओळखत नाही. तरीही त्यांना सगळ्या रेकॉर्ड देऊ नका. मराकस, झांज किंवा तंतुवाद्ये ठळक असलेल्या फक्त पाच द्या, फाइल आल्यावर स्पेक्ट्रोग्राम काढा, आणि ती गाणी ओळखीच्या एखाद्या साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरवर ऐका. चित्र इथे टाकलेत तर मीही पाहून सांगेन. तोवर उरलेल्या रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आणि खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा.