विंडोज 7 नव्याने टाकल्यावर लॅनचा (केबलने येणाऱ्या नेटचा) ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड विंडोजकडून चालवून घेणारं सॉफ्टवेअर, बसत नाही, नेट नसल्याने डाउनलोडही करता येत नाही. काय करावं?

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'इथरनेट कंट्रोलर'वर पिवळं चिन्ह आहे, आणि मित्राने पेनड्राइव्हवर दिलेला रियलटेकचा सेटअप 'नेटवर्क कंट्रोलर वॉज नॉट फाउंड, डीप स्लीप मोड एनेबल्ड असेल तर केबल लावा' असं सांगून बंद पडतो. या दोन्ही एकत्र वाचल्या की मला वाटतं, तुमचं लॅन कार्ड रियलटेक या कंपनीचं नाहीच.

डीप स्लीप म्हणजे केबल नसताना वीज वाचवायला कार्ड झोपतं. झोपलेलं कार्ड कधीकधी विंडोजला दिसतच नाही. तसं असतं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्हही आलं नसतं. तरी एकदा केबल लावून, राउटर चालू ठेवून सेटअप पुन्हा चालवून बघा, त्यात काही जात नाही. पण तुमचं कार्ड विंडोजला दिसतंय, फक्त ते कोणाचं हे त्याला कळत नाहीये. जुन्या मदरबोर्डवर रियलटेकच असतं, हे दुकानात सर्रास सांगतात आणि पुष्कळदा खरंही निघतं. पण नेहमी नाही.

त्यामुळे आता ड्रायव्हर शोधणं थांबवा आणि आधी कार्डाचा नंबर बघा. त्या पिवळ्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्सचा टॅब. वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात 'व्हीईएन'पुढची चार अक्षरं म्हणजे कंपनी आणि 'डीईव्ही'पुढची चार म्हणजे चिप. 10ईसी असेल तर रियलटेक, 1969 म्हणजे अथेरॉस, 14ई4 ब्रॉडकॉम, 11एबी मार्व्हेल, 1106 व्हिया. 8086 म्हणजे इंटेल (1978 च्या आपल्या प्रोसेसरचा आकडाच त्यांनी इथे वापरलाय). आणि समजा रियलटेकच निघालं, तरी चिपचा नंबर बघाच. 8139 हे जुनं 100 एमबीपीएसचं कार्ड, 8168 गिगाबिटचं, आणि दोघांचे ड्रायव्हर वेगळे.

नंबर मिळाला की मोबाइलवरच ड्रायव्हर डाउनलोड करा आणि डेटा केबलने कॉम्प्युटरवर कॉपी करा. केबल नुसत्या चार्जिंगची नको. यूएसबी टेदरिंगही (केबलने मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालतं, अँड्रॉइड फोन विंडोज 7 बहुधा आपणहून ओळखतं. पण नव्याने टाकलेल्या विंडोज 7 मधल्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोररवर आजच्या बऱ्याच साइट्स उघडतच नाहीत, म्हणून मी कॉपीचाच रस्ता धरतो. फाइल शक्यतो चिप बनवणाऱ्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. ड्रायव्हरसोबत नको ती चार सॉफ्टवेअर गळ्यात पडतात.

विंडोज 32 बिट आहे की 64, हे 'कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिस्टिम टाइप'समोर दिसतं. ड्रायव्हर त्याच जातीचा हवा. सेटअप अडला तर त्याच्याशी झटापट करू नका. झिप उघडा, पिवळ्या ओळीवर राइट क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर सॉफ्टवेअर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', आणि ज्या फोल्डरमध्ये आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा हे विंडोजला सांगणारी) आहे तो दाखवा. काम बहुतेक इथेच होतं. 64 बिटवर 'कोड 52' ही चूक आली तर ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. नव्या ड्रायव्हरची सही ओळखायला विंडोज 7 ला आधी अपडेट लागतात आणि ते घ्यायला नेट नाही. अशा वेळी त्याच चिपचा 2012-13 च्या सुमाराचा ड्रायव्हर टाकून बघा.

एवढं करूनही जमलं नाही तर पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू करा. तिथे नेट चाललं तर कार्ड ठणठणीत आहे, अडचण विंडोजमध्येच आहे. तिथेही नाही चाललं तर दोष कार्डात किंवा केबलमध्ये असू शकतो.

ड्रायव्हर बसला, नेट आलं, तरी साइट्स सर्टिफिकेटची चूक दाखवत असतील, तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. इतक्या जुन्या मदरबोर्डवर घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 हा बटणासारखा सेल संपलेला असणं अगदी शक्य आहे. दरवेळी कॉम्प्युटर बंद करून वीज काढली की तारीख मागे जाते आणि साइटची सर्टिफिकेटं चुकीची ठरतात. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. आणि विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला आहे, तेव्हा बँकेची कामं या मशीनवर नको.