‘ट्रॉफी हंटिंग’ला मराठीत काय म्हणावे?

स्कॉटलंडमधील तांबड्या हरणांच्या शिकारीवरील एका लेखाचे भाषांतर करणाऱ्या पुण्यातील एका वाचकाने विचारले आहे की, ‘ट्रॉफी हंटिंग’साठी, म्हणजे मारलेल्या जनावराचे डोके किंवा शिंगे भिंतीवर लावण्यासाठी केलेल्या शिकारीसाठी, ‘करंडक शिकार’ हा शब्द चालेल का, आणि चालत नसेल तर नुसते ‘शिकार’ किंवा ‘मृगया’ म्हणून भागेल का. माझ्या मते यांतला एकही शब्द इथे पुरेसा नाही, कारण हरीण कशासाठी मारले हे त्यांपैकी कोणताच शब्द सांगत नाही, आणि या प्रकारच्या शिकारीचा अर्थ आणि तिच्याविषयीचा नैतिक प्रश्न हे दोन्ही त्या ‘कशासाठी’वरच उभे आहेत.

‘करंडक’ म्हणजे मुळात लहानशी डबी. कुंकवाचा करंडा आपल्या ओळखीचा आहे. पुढे तो शब्द स्पर्धेच्या बक्षिसाला लागला आणि पुण्यात तर पुरुषोत्तम करंडकामुळे महाविद्यालयीन मुलांच्या तोंडी बसला. पण करंडकाच्या स्पर्धेत दोन्ही बाजू आपणहून उतरलेल्या असतात आणि हरलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा येतो. हरणाच्या बाबतीत यांतले काहीच खरे नाही. इंग्रजी शब्दाचा उगम ग्रीक ‘ट्रोपायोन’मध्ये आहे: रणांगणावर शत्रूने जिथे पाठ फिरवली, तिथे त्याचीच शस्त्रे टांगून उभारलेले स्मारक. म्हणजे हरीण हा पराभूत शत्रू होता, ही कल्पना त्या शब्दातच दडलेली आहे, आणि ‘विजयचिन्ह’ असे भाषांतर केले की आपणही ती नकळत मान्य करतो.

‘मृगया’ शब्द सुंदर आहे, पण जुन्या राजांच्या कथांबाहेर तो शोभत नाही. ‘मृग’चा मूळ अर्थ कोणतेही रानटी जनावर असा होता, म्हणूनच सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग, हरीण हा अर्थ नंतर आकुंचित होत आला. (ज्या नक्षत्राच्या आधारे लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या मृगशीर्षाचा अर्थच हरणाचे मस्तक असा आहे, आणि त्याच्या मागे आकाशात व्याध उभा आहे. आपल्या परंपरेने हे मस्तक भिंतीवर न टांगता आकाशात ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते.)

‘पारध’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवे. संस्कृतात शिकारीला ‘पापर्द्धि’ असाही शब्द आहे. पाप आणि ऋद्धि, म्हणजे पापाची वाढ. प्राकृतात त्याचे ‘पारद्धी’ होते, असे बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात सांगितले आहे, आणि आपली ‘पारध’ त्याच वाटेवरची आहे. पण पारध हे पोट भरण्यासाठी फास लावणाऱ्यांचे काम होते. ज्या पारधी समाजाला इंग्रजी अमदानीत जन्मानेच गुन्हेगार ठरवले गेले, त्याच्या उपजीविकेचा शब्द धनिकांच्या हौशी शिकारीला देणे मला अन्यायाचे वाटते.

राहता राहिला फारसीतून आलेला ‘शिकार’. तो कृतीलाही लागतो आणि मारल्या गेलेल्या जनावरालाही, वाघालाही आणि माणसालाही. ‘वाघाने शिकार केली’ यात भूक गृहीत आहे. माणसाच्या बाबतीत तसे काही गृहीत धरता येत नाही, म्हणून तिथे हेतू सांगणारा शब्द जोडावाच लागतो.

लहानपणी सदाशिव पेठेतील एका नातेवाइकांच्या वाड्यात दिवाणखान्याच्या दारावर सांबराचे डोके होते. काचेचे डोळे, एका कानाची उसवलेली शिवण, शिंगांच्या फाट्यांवर साचलेली धूळ. दिवाळीच्या साफसफाईत आजी म्हणायच्या, “ते मुंडकं जरा हलक्या हातानं पूस गं.” ट्रॉफी हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही. वस्तूसाठी आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना ‘स्मृतिचिन्ह’ शोधत बसण्याचे कारण नाही.

भाषांतरात आणखी एक गफलत होऊ शकते. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही ‘ट्रॉफी’ ही संज्ञा आहे, पण तिथे ती केवळ जतन केलेल्या वस्तूची आहे: कातडे, शिंग, दात, नख, पीस, अंडेसुद्धा. सांबराची आणि चितळाची शिंगे हाडाची असतात व गळून पुन्हा उगवतात. रानात आपोआप गळलेले असे शिंग कोणी उचलून घरी जपून ठेवले, तर कायद्याच्या अर्थाने तीही ट्रॉफी होते, मग शिकार झालेली असो वा नसो. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे गळत नाहीत, त्यामुळे ती घरात आली तर जनावर मेलेले असते. मराठीत दोहोंना ‘शिंग’च म्हणतात, म्हणून तिथे ‘गळलेले शिंग’ असे स्पष्ट लिहावे.

स्कॉटलंडमध्ये लांडगे नाहीसे झाल्यामुळे हरणांची संख्या बंदुकीने आटोक्यात ठेवावी लागते, हे खरे आहे. पण संख्या कमी करायची तर माद्या माराव्या लागतात, आणि भिंतीसाठी निवडला जातो तो सर्वांत भरघोस शिंगांचा नर. बारा फाट्यांच्या नराला तिथे ‘रॉयल’ म्हणतात. अशा शिकारीच्या शुल्कातून रान राखले जाते, हा समर्थकांचा युक्तिवाद भाषांतरात प्रामाणिकपणे यावा. मात्र ही दोन कामे एका शब्दाखाली आणू नयेत, आणि मारण्याला इंग्रजीत वापरला जाणारा ‘हार्वेस्ट’ मराठीत ‘कापणी’ किंवा ‘पीक काढणे’ म्हणून उतरवू नये. मारणे हे मारणे म्हणूनच लिहावे.

माझी सूचना अशी. पहिल्या कामाला ‘संख्यानियंत्रणासाठी हरणे मारणे’ आणि दुसऱ्याला ‘मिरवण्यासाठी केलेली शिकार’ म्हणावे. ‘हौसेची शिकार’ हा शब्द रूढ आहे, पण हौस रानात हिंडण्याचीही असते. ‘मिरवणे’मध्ये मात्र बघणारे लोक येतात, दिवाणखाना येतो, भिंत येते. तो शब्द शिवी नाही, वरात आणि गणपतीही आपण मिरवतोच. त्यामुळे लेखकाचा तोल भाषांतरात ढळत नाही. एकाच शब्दाचा आग्रह असू नये. लेखात ‘ट्रॉफी’ जिथे वस्तूसाठी आली असेल तिथे ‘मुंडके’ किंवा ‘शिंगे’, आणि जिथे हेतूसाठी आली असेल तिथे ‘मिरवण्यासाठी’, एवढे सांभाळले तरी वाक्य मराठीत नीट बसेल.