बारावीला ६१ टक्के, आता इंजिनीअरिंग मिळेल का?

मी प्रवेशाबद्दल मार्गदर्शन करते, आणि निकाल लागला की माझ्याकडे हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारे एक वडील मुलीला घेऊन आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, पोरीनं सगळं घालवलं बघा. भावाच्या पोराला अठ्ठ्याऐंशी, हिला एकसष्ट." मॅनेजमेंट कोट्यासाठी गावाकडची दहा गुंठे विकायची बोलणीही घरात सुरू झाली होती. मुलगी गप्प.

मी सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, स्कोअरकार्ड मागितलं. ते आणलंच नव्हतं. मोबाईलवर उघडून पाहिलं, तर ९१ पर्सेंटाइल! म्हणजे तिच्या ग्रुपच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) शंभरातले साधारण नव्वद जण तिच्या मागे. घरात या आकड्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, कारण पेढे वाटतात ते बोर्डाच्या टक्क्यांवर.

मग गुणपत्रिका काढली आणि बेरीज तिलाच करायला लावली. फिजिक्स ४८, केमिस्ट्री ५७, मॅथ्स ५२, एकूण १५७. राज्यातल्या इंजिनीअरिंगला या तीन विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५ लागतात. राखीव गटाला ४० टक्के. ती अट पूर्ण झाली, की कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) राउंडमध्ये नंबर लागतो तो सीईटीवर.

"मग बारावीला काय किंमतच न्हाई म्हणा की," वडील म्हणाले. तसं मुळीच नाही. एनआयटी (केंद्राचं इंजिनीअरिंग कॉलेज) हवी असती, तर जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेबरोबर बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा लागली असती. साध्या बीएस्सीला तर बहुतेक ठिकाणी मेरिट लागतं तेच बारावीच्या मार्कांवर. पुढे कॅम्पसला काही कंपन्या दहावी-बारावीचे ६० टक्के मागतात, तिथं तिचे ६१ चालतील.

जमीन विकायचा विचार आधी थांबवा, असं मी स्पष्ट सांगितलं. घाबरलेल्या आईबापांकडून या दिवसांत फार पैसा उकळला जातो, याचा मला मनापासून संताप येतो.

गेल्या वर्षीचे कटऑफ शाखेप्रमाणे आणि गटाप्रमाणे काढून दिले. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "मला कॉम्प्युटर नको, इलेक्ट्रिकल पाहिजे." ऑप्शन फॉर्ममधला कॉलेज-शाखांच्या पसंतीचा क्रम तिनंच लावायचा, असं ठरलं. वडिलांकडे काम दिलं कागदपत्रांचं: जातपडताळणी आणि नॉन क्रीमीलेअर, दोन्ही मुदतीच्या आत.